बाईंचं स्कॉटलंड

काहीही सांगायला घ्या, बाई एक डोळा मिटून विचारायच्या, "आल्झो, तिथून ते दिसतं का?" आल्झो म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'.

साठ सालच्या आगेमागे मी पूर्व जर्मनीतल्या येना शहरात डॉक्टरेट करत होतो आणि त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. आम्ही मराठी विद्यार्थी आपसांत त्यांना नुसतं बाई म्हणत असू. दिवसा त्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस. टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा दिसला तरी भिंग बाद. संध्याकाळी भांडी घासून झाली की जेवणाच्या टेबलावर टाइपरायटर यायचा आणि बाई सहाशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटलंडमध्ये जायच्या.

तुमच्याही ओळखीत असेल असं एखादं माणूस, ज्याला कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं नाव माहीत नसतं, पण पेशव्यांच्या पंगतीतले पदार्थ पाठ असतात. बाई त्यातल्या. तिकडचे घोडेस्वार खोगिराला लोखंडी पत्रा बांधून नेत आणि त्यावर ओटच्या पिठाची भाकरी भाजत, असं त्यांनी वाचलं होतं. आमच्याकडे त्याला तवा म्हणतात, एवढंच मी बोललो. रविवारी मला भाकऱ्या थापायला बसवलं. चार मोडल्या, पाचवी जमली. "किती मिनिटं लागली, हेर डॉक्टर?" त्यांनी विचारलं. हेर म्हणजे त्यांच्याकडचं श्रीयुत; आणि मला डॉक्टर व्हायला अजून दोन वर्षं होती.

एकदा मी सिंहगडाच्या लढाईची गोष्ट रंगवून सांगितली. बाई म्हणाल्या, "पहारेकऱ्याला कड्याखालचं दिसत होतं का?" मला शाळेत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी चिडलो, आणि मग घरी पत्र लिहून वडिलांना विचारलं.

त्यांची कादंबरी दहा वर्षं चालली होती. एका किल्लेदाराची बायको खिडकीतून शत्रूचं सैन्य नदी ओलांडताना बघते, गप्प राहते, आणि नवरा मारला जातो. लोककथेत ती दगाबाज, कादंबरीतही. सगळी कथा त्या एका खिडकीवर उभी होती. बाईंना तिकडे जायची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. माझ्याकडे भारताचा पासपोर्ट होता आणि थोरला भाऊ ग्लासगोच्या इस्पितळात डॉक्टर होता. ईस्टरच्या सुट्टीत मी निघालो, तेव्हा बाईंनी एकच काम सांगितलं. त्या खिडकीत उभं राहायचं.

राहिलो. समोर टेकडी होती. भावाला कोट धरायला लावून मी अर्धा बाहेर वाकलो, तरी नदी दिसेना. बाईंच्या जुन्या नकाशात नदी होती, टेकडी नव्हती.

परतीच्या गाडीत मी ठरवलं, दिसते म्हणून सांगायचं. तपासायला कोण जाणार आहे? पण बाईंनी टेबलापाशी एक डोळा मिटला आणि मला खोटं बोलवेना.

"नाही दिसत. मध्ये टेकडी आहे."

"छोटी?"

"मोठी."

बाई उठून कॉफी करायला गेल्या. ती टेकडी जणू मीच तिथे नेऊन ठेवली होती, इतकं मला अपराधी वाटलं. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अस्सं. म्हणजे तिला माहीतच नव्हतं. आणि मी दहा वर्षं बिचारीला दोषी धरून बसले."

दहा वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती, आणि या बाईला वाईट वाटत होतं ते कधीच मरून गेलेल्या एका परक्या बाईचं. इतकं मोठं मन मी नंतर फार कुठे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. कागद सहज मिळत नसे, म्हणून जुनीच पानं उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर.

मी पुण्याला परतलो. काही वर्षं पत्रं आली, मग थांबली. एके दिवशी शेजारणीने कळवलं की बाई गेल्या, आणि पाठोपाठ एक गठ्ठा पाठवला. बाईंनी माझं नाव लिहून ठेवलं होतं.

जुन्या बाजूला नवरा बायकोला शाप देत मरतो. नव्या बाजूच्या शेवटच्या पानावर सकाळ आहे. तो घोड्यावर बसलाय, ती त्याच्या झग्याची गाठ बांधतेय. संध्याकाळपर्यंत येतो, असं तो म्हणतो. त्याखाली पान कोरं आहे. त्याला मारायचं बाईंच्या हातून राहूनच गेलं.