उठताना काय म्हणायचं

ही गोष्ट सांगायची मी आयुष्यभर टाळली. खर्ड्याकडचं कुणी भेटलं आणि बाईंचा विषय निघाला, की मी चष्मा पुसायला लागायचो. तो काळ पाहिलेले आता थोडेच उरलेत, आणि जे उरलेत ते अजून म्हणतात, "ती बाई वाईट बोलायची, आन् बोलली की खरं व्हायचं." हे खोटं आहे. ते कुणी पसरवलं, मला ठाऊक आहे.

बाई म्हणजे खर्ड्याजवळच्या आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावून युरोपातून आलेल्या. चाळिशीच्या, उंच, उन्हाने नाक सदा सोललेलं. मी कंपाउंडर, नगरचा, मॅट्रिक झालेला, घरात तीन पिढ्या मास्तरकी. बाईंना मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी पुस्तकी वाक्यं घालून देई, त्या वहीत लिहून घेत, आणि बोलताना मात्र बाजारातल्या बायकांचं उचलत. "लई दुखतंय व्हय? दाव बरं." म्हाताऱ्या हरखून जात.

चहाला नको म्हटलं की घर दुखावतं, हेही त्या शिकल्या. एका सकाळी सात घरचा गुळाचा चहा पिऊन आल्या आणि खुर्चीत टेकून म्हणाल्या, "कंपाउंडर, आता मलाच औषध दे."

माझी एकच शिकवण त्यांनी जशीच्या तशी घेतली. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. त्यांना ते फार आवडलं. प्रत्येक उंबऱ्याशी हात जोडून म्हणायच्या, "येते हं. परत येते."

एका बाजारच्या दिवशी ओसरी भरलेली होती. मी तंबाखू मळून तसाच एकाची जखम बांधायला बसलो. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कंपाउंडर, तुजे हात घान हायेत. आधी धू."

ओसरी हसली. हात घाण होतेच. पण मला 'तू'? तेही त्या भाषेत, त्या लोकांसमोर? दुसऱ्या दिवसापासून पानवाला मला लांबूनच हाक मारू लागला, "या घान हात! धुतलं का न्हाई आज?" मी हसून पान घ्यायचो. बाईंशीही गोडच बोलायचो. आत मात्र ठरवलं होतं: एकदा हिलाही सगळ्या गावासमोर खाली बघायला लावीन.

संधी आली ती अशी. एका शेतकऱ्याचा पाच वर्षांचा मुलगा तापाने आजारी पडला. बाई चार दिवस त्याच्यापासून हलल्या नाहीत. तो गेला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मला त्यांच्या घरी जायचंय. तिथं कसं वागत्यात? सगळं सांग."

मी सांगितलं. जमिनीवर बसा. पाणीसुद्धा मागू नका. फार बोलू नका. सगळं खरं होतं. त्या वहीत लिहीत होत्या.

"आनि उठताना काय म्हनायचं?"

काय म्हणायचं, तुम्हाला माहीत आहे. काही नाही. दुखवट्याच्या घरून मुकाट उठायचं. तिथे 'येते' म्हणणं म्हणजे असाच प्रसंग पुन्हा येवो म्हणणं. मी बाटलीवर चिठ्ठी चिकटवत होतो. मान वर न करता म्हणालो, "नेहमीचंच."

मी सोबत गेलो. बघायला. बाई अर्धा तास मान खाली घालून बसल्या, रडल्या. मग उठून मुलाच्या आजीपुढे हात जोडले आणि अगदी स्पष्ट म्हणाल्या, "येते हं, आई. परत येते."

म्हातारीने शेजारी बसलेल्या धाकट्या नातीला ओढून पदराखाली घेतलं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "किती दुःख हाय त्यांना." त्या दिवशी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

गाव कदाचित विसरलं असतं. मी विसरू दिलं नाही. पानाच्या दुकानावर कुणी म्हणालं, "परदेशी बाई, तिला काय ठावं?" की मी हळूच म्हणायचो, "मी स्वतः शिकवलंय त्यांना. सगळं ठाऊक आहे."

महिन्याभरात ती नात तापाने फणफणली. घरच्यांनी तिला बैलगाडीत घातलं आणि आमच्या दवाखान्यासमोरूनच जामखेडच्या डॉक्टरकडे निघाले. बाई धावत रस्त्यावर गेल्या, गाडीला हात घातला. "थांबा! मला बगू द्या!"

बापाने त्यांचा हात काढून टाकला. "तुमी नगं, बाई. तुमचं बोलनं लई झालं."

पोर वाटेतच गेली. बाई बोलल्या तसं झालं, असं गाव म्हणालं. गाडी अडली तेव्हा मी ओसरीवर उभा होतो. माझं एक वाक्य पुरलं असतं.

मग दवाखान्यात कुणी येईना. पावसाळ्याआधी बाईंनी सामान बांधलं. मोटारीपर्यंत ट्रंक मीच नेली. खिडकीत बसून त्यांनी विचारलं, "कंपाउंडर, माजं काय चुकलं? मी तू सांगितलंस तसंच केलं. कुनी सांगत न्हाई. तू तरी सांग."

आजूबाजूला माणसं होती. पानवालाही होता. मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, बाई."

चुकलं माझं, मी मुद्दाम केलं, मला माफ करा, हे पुढचं वाक्य तोंडात तयार होतं. मोटार सुटली म्हणून ते राहून गेलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ड्रायव्हर समोरच चहा पीत होता. मोटार चांगली दहा मिनिटं उभी होती, आणि मीही.