कागदाआधी पाणी

सीमेवरून टीव्हीवर भांडण लागलं की आम्ही कर्नाटकातल्या कमलनगरच्या हॉटेलात चहा पीत ते दोन्ही भाषांत ऐकतो. मराठी चॅनलवर आम्ही पिचलेले असतो, कन्नड चॅनलवर अगदी मजेत. आम्ही खरंच कसे आहोत हे विचारायला अजून कुणी आलेलं नाही. माझी अडचण एवढीच की मी मराठी शाळेत शिकलो. कन्नड फडाफडा बोलतो, बाजारात त्याच भाषेत भांडतो. पण ऑफिसातून कन्नड कागद आला की मी अडाणी.

असे कागद आमच्या गल्लीत अप्पा वाचायचे. अप्पा शेजारचेच, तहसीलमधून रिटायर झालेले कारकून. एकटे राहतात. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी कागद मनात वाचायचा. बातमी चांगली असली की लगेच मोठ्यानं सांगायची. वाईट असली की म्हणायचे, "आधी जरा पानी आना." ते पाणी पिईपर्यंत वाईट गोष्ट कशी सांगायची हे ठरवत. त्यामुळं अप्पांनी पाणी मागितलं की कागदवाल्याचा चेहरा उतरायचा.

मग मुलीनं मला नवा फोन दिला. कॅमेरा कागदावर धरला की कन्नडचं मराठी होतं. फोनला पाणी लागत नाही, हे मी चारचौघांत छाती फुगवून सांगितलं. त्याचं मराठी म्हणजे, 'सदर विनंती ग्राह्य धरता येत नाही.' बायकोनं विचारलं, "काय म्हनायलाय त्यो?" मी म्हणालो, "न्हाई म्हनायलाय." तरी गल्ली हळूहळू अप्पांच्या ओट्यावरून माझ्या ओट्यावर आली. मला वाईट वाटलं असं लिहायला आवडलं असतं. खरं तर फार मजा वाटली.

परवा अप्पांनी हाक मारली. "तुझा फोन घिऊन ये की जरा."

आले शेवटी वळणावर, असं मनात म्हणत मी गेलो. त्यांनी उशीखालून एक कन्नड कागद काढला.

"मोतीबिंदू झालाय, दोन्ही डोळ्यांत. शिबिरात नाव दिलतं. त्याचा कागद आलाय. मला काईच दिसंना."

"कधी आलाय?"

"झाले धा-पंधरा दिवस."

"मंग कुनाला कामून दाखवला न्हाई?"

"जल्मभर लोकायचे कागद वाचले. आता माझा वाच म्हून कुनाच्या दारात जाऊ? पैल्यावानी कुनी बसायला आलं आसतं, तर बोलता बोलता दाखवला आसता."

फोननं क्षणात काम केलं. ऑपरेशन बीदरला, तारीख गेल्या मंगळवारची. गैरहजर राहिल्यास नाव वगळण्यात येईल. गेल्या मंगळवारी मी दहा पावलांवर, माझ्या ओट्यावर, दुसऱ्यांचे कागद वाचत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

अप्पा कान देऊन बसले होते. मी फोन खिशात घातला.

"अप्पा, आधी जरा पानी देता का?"

अप्पा उठले. भिंत चाचपत आत गेले आणि तांब्या घेऊन आले. अर्धं पाणी वाटेत सांडलं होतं.

"सावकाश पी," ते म्हणाले. "आता कशाची घाई न्हाई."