कांद्याचं कॅथेड्रल

युरोपातलं एकही कॅथेड्रल प्रत्यक्ष न पाहता, ताटातलं जेवण निवेपर्यंत त्यांच्याविषयी बोलू शकणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे आणि ते आमचे साडू आहेत. घर नाशकात, शेती विंचूरला आणि मन सातआठशे वर्षांमागच्या फ्रान्समध्ये. लग्नाच्या मांडवात शिरले की आधी कमान गोल की टोकदार ते बघणार, मग नवरानवरीकडे. एकदा श्राद्धाच्या पंगतीत त्यांनी दोन पापड एकमेकांना टेकवून शेजारच्या गुरुजींना समजावलं, "गोल कमान भिंतीला बाहेर ढकलते. टोकदार कमान भार खाली उतरवते, म्हणून तर एवढाल्या खिडक्या." गुरुजींनी शांतपणे एक बाजू खाऊन टाकली.

पुढे शेतावर कांदा साठवायची चाळ बांधायची निघाली. वारा खेळला की चाळीचं काम झालं, पण साडूंनी टोकदार कमानी, उंच छत, वर शिखर आणि कांद्याचा रेटा पेलायला बाहेरून तिरके टेकू असा बेत काढला. सुतार म्हणाला, "नाना, एवढी उंची कशाला? कांदा काय आभाळ बघनार हाय का?"

"त्यांनी देवासाठी केली, मी कांद्यासाठी करतो," साडू म्हणाले.

ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, बजावलं, "वर्षाचा सगळा कांदा आत जातोय. पडली तर याद राखा."

चाळ भरली आणि ट्रॅक्टर वळेना म्हणून साडूंनी स्वतःच दोन टेकू काढले. आठवड्यात त्या भिंतीला पोट सुटलं. साडू खूश. "तिकडेही उंचीच्या नादात एकदा छत खाली आलं होतं," ते कौतुकानं म्हणाले. ताईंनी आधी टेकू परत बसवून घेतले आणि मग अबोला धरला. कांदा वाचला, शिखर मात्र बांधायचं राहून गेलं.

यंदा पावसाळ्यात साडूंच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. परवा, कांदा विकून झाल्यावर, त्यांच्या हट्टापायी आम्ही विंचूरला गेलो. रिकाम्या चाळीत फटींतून उन्हाचे पट्टे पडले होते. साडूंनी दारात चपला काढल्या आणि वर बघत म्हणाले, "पाया घालणाऱ्यांना कळस बघायला मिळायचा नाही हो. पिढ्या जायच्या." एवढ्यानंच त्यांना धाप लागली. मला फार वाईट वाटलं.

त्या बांधकामाला आजवर चाळीपलीकडे दुसरं नाव न देणाऱ्या ताईंनी खुर्ची पुढे सरकवली. "आपल्याकडे एवढं थांबत नाहीत. बसा. सुतार येतोय, सकाळीच फोन केलाय मी."

साडू बसले. ताई दारापर्यंत गेल्या, स्वतःच्या चपला काढून त्यांच्या चपलांशेजारी ठेवल्या आणि परत आत आल्या.