रूपालीच्या डब्यातल्या वड्या

रूपालीला कोणी नावं ठेवली तर पूर्वी मी त्याच्या अंगावर धावून जायची. मी तोंडाची फटकळ आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता तिच्याविषयी कोणी काही बोललं तरी मी गप्प बसते. तिच्या बाजूनं बोलायला मला तोंडच उरलेलं नाही. ते कसं गेलं, ते सांगते.

मी कौशल्याबाई. समुद्रपूरहून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं गाव आहे, तिथल्या अंगणवाडीची मी सव्वीस वर्षांपासून सेविका आहे. रूपाली माझी मदतनीस. झाडणं, पाणी भरणं, घरोघरी जाऊन रडणारी पोरं उचलून आणणं, खिचडी शिजवणं, भांडी घासणं हे सगळं ती करते. मी मोबाइलवर हजेरी भरते, फोटो काढते आणि वर तिलाच सांगते की कामाचा फार ताण आहे.

तिचा नवरा हिंगणघाटला एका कारखान्यात आहे, शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातो. मधल्या दिवसांत घर तिचं आणि दोन पोरींचं. थोरली मोहिनी नऊ वर्षांची, चौथीत. धाकटी गार्गी पाच वर्षांची, ती माझ्याच अंगणवाडीत. सकाळी दोन पोरींच्या चार वेण्या घालताना रूपालीच्या तोंडात रिबिनी धरलेल्या असतात, चुलीवर पोळी असते आणि पाय दाराबाहेर निघालेला असतो. गार्गीच्या दोन्ही रिबिनींची फुलं सारख्या उंचीवर आली नाहीत तर ती दारातच बसून भोकाड पसरते, मग पुन्हा पहिल्यापासून. दुपारी अंगणवाडी सुटली की रूपाली कोणाच्या तरी वावरात मजुरीला जाते. संध्याकाळी परत आली की स्वयंपाक आणि मोहिनीचे पाढे बरोबरीनं चालतात. तिला बसून चहा पिताना मी कधी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंगणवाडीत डावानं खिचडी वाढताना ती गार्गीला नेहमी शेवटी वाढायची. पोरगी ताटली पुढं करून बसलेली असायची आणि आई तिला ओलांडून पुढं जायची. मी एकदा रागावले, तर म्हणाली, "ताई, माह्या हातात डाव हाय. उद्या कोणी म्हनलं का आपल्याच पोरीले जास्त वाढून राह्यली, तं मी काय सांगू?" अशी ही बाई.

मागच्या वर्षी भुलाबाईचा महिना लागला तो सोयाबीनच्या सोंगणीत, ऐन कापणीच्या दिवसांत. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडच्या पोरी रोज संध्याकाळी एकेका घरी जमतात, पाटावर भुलाबाई-भुलोजी मांडून टाळ्यांवर गाणी म्हणतात. गाणी संपली की त्या घरची खिरापत. ती बंद डब्यात असते आणि आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं. डबा कानाशी हलवायचा, फटीला नाक लावायचं, गोड का तिखट ते विचारायचं. घरच्यांनी खरं तेच सांगायचं. ज्या घरची खिरापत कोणालाच ओळखता येत नाही, त्या घरची पोरगी दुसऱ्या दिवशी शाळेत मान वर करून चालते.

त्याच्या आदल्या वर्षी रूपालीनं फुटाणे ठेवले होते. डबा पहिल्यांदा वाजला आणि साऱ्या पोरी एकदम ओरडल्या, "फुटाणे!" मोहिनीचं तोंड एवढंसं झालं. त्यामुळे मागच्या वर्षी ती पंधरा दिवस आधीपासून आईच्या मागं लागली होती. माझ्यासमोरच म्हणायची, "आई, आपली खिरापत कोनालेच ओयखू नाई आली पायजे. एकदाच!" आणि रूपाली हो हो म्हणत भांडी घासायची.

त्यांची पाळी आली त्या दिवशी रूपाली दुपारभर सोंगणीला होती. साडेचारला वावरातून आली तेव्हा घरात ना रवा होता ना बेसन, आणि पोरी सहाला येणार होत्या. तिच्या घरात होती ती अंगणवाडीच्या शिऱ्याची दोन पाकिटं. ही पाकिटं तीन वर्षांखालच्या लेकरांना आणि पोटुश्या बायकांना घरी न्यायला मिळतात. एक बाई बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिची तेवढी उरली होती. परत आली की द्यायची म्हणून रूपालीनं आपल्याकडे जपून ठेवली होती, कारण अंगणवाडीत उंदीर फार. तिनं ती फोडली. तुपावर परतून, खोबरं आणि वेलची घालून वड्या थापल्या. मोहिनी तेव्हा मैत्रिणीकडे होती, वड्या कशाच्या, ते तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मीही गेले. दरवर्षी जाते. देवकाबाई आपल्या नातीला घेऊन आल्या होत्या. या देवकाबाई म्हणजे गावातल्या कोणत्याही गोष्टीत पहिलं बोट घालणाऱ्या बाई, त्यांना मीही जरा दबूनच असते. गाणी झाली. मोहिनीनं डबा पुढं आणला आणि वर दोन्ही हात ठेवून उभी राहिली.

डबा वाजेना. पोरी चक्रावल्या. शंकरपाळे? नाई. रव्याचे लाडू? नाई. खोबऱ्याची वडी? नाई. रूपालीच्या प्रत्येक नाईबरोबर मोहिनी चवड्यांवर उंच होत होती. "हारलो म्हना," ती म्हणाली, "म्हना न!" तेवढ्यात देवकाबाईच्या सहा वर्षांच्या नातीनं फटीला नाक लावलं आणि टाळी वाजवली. "पाकिटाचं हाय! अंगणवाडीच्या पाकिटाचं!"

मोहिनी खळखळून हसली. "हट्! आई, सांग न हिले."

रूपालीनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "नाई."

मग डबा उघडला. देवकाबाईंनी वडीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. त्या शिऱ्याला जो वास असतो तो वेलचीनं जात नाही, तो माझ्यापर्यंत आला होता. देवकाबाई रूपालीकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहत होत्या. "काय व कौशल्याबाई," त्या म्हणाल्या, "लेकराईचे पाकिटं घरोघरी वाटून राह्यल्या काय तुम्ही?"

आठ-दहा बायका, पंधरा पोरी, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. आणि मी काय केलं? मी रूपालीवर ओरडले. "लाज नाई वाटत तुले? लहान लेकराईच्या तोंडचं चोरते अन आपल्या पोरीचे लाड करते? वरून भुलाबाईसमोर खोटं बोलते! उद्यापासून कामावर ठेवू का नको, सांग."

रूपालीनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली, "चुकलं, ताई."

मोहिनीनं डब्याला लावलेले हात काढून घेतले. ती आईकडे पाहत होती. एकाही पोरीनं वडी खाल्ली नाही. फक्त गार्गी एक हातात धरून बसली होती, ती मोहिनीनं काढून डब्यात परत टाकली.

आता रूपालीच्या त्या एका नजरेत काय होतं ते सांगते. पोळ्याच्या वेळी माझी लेक नागपूरहून नातवाला घेऊन आली होती. मी रूपालीला सांगितलं होतं, "शिऱ्याचे चार पाकिटं पिशवीत टाक अन माह्या घरी ठेवून ये." तिनं विचारलं होतं, "रजिस्टरात काय लिहू, ताई?" मी म्हटलं होतं, "त्यात काय लिहायचं? मुदत संपून राह्यली, फेकून द्यायचे काय?" मुदत संपायला चार महिने होते. ते पाकिटावर छापलेलं होतं आणि रूपालीला वाचता येतं. तिनंच ती पिशवी भर उन्हात माझ्या घरी आणून दिली होती. आणि ते काही पहिल्यांदा नव्हतं. त्या संध्याकाळी तिनं यातलं एक वाक्य उच्चारलं असतं तर माझी सव्वीस वर्षं देवकाबाईंच्या पायाशी पडली असती. ती बोलली नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायलाच हवं. घरी जाऊन पोटभर जेवले मी.

दुसऱ्या दिवशी रूपाली वेळेवर कामावर आली. गार्गीच्या पिशवीत पोळीभाजीचा डबा होता. त्या दिवसापासून गार्गीनं अंगणवाडीची खिचडी खाल्ली नाही. सगळी पोरं पंगतीत आणि ही खिडकीखाली आपला डबा उघडून. "आई, मले बी दे न," पहिले दोन दिवस म्हणाली, मग म्हणायची थांबली. वाढायच्या वेळी गावातली एखादी बाई उगाच दारात येऊन उभी राहायची आणि रूपालीच्या हातातल्या डावाकडे पाहायची. मोहिनी शाळा सुटल्यावर रोज अंगणवाडीत यायची, आईला भांडी विसळू लागायची. ती आता मागच्या गल्लीनं परस्पर घरी जायला लागली.

मी तीनदा ठरवलं की देवकाबाईंकडे जाऊन खरं सांगायचं. एकदा त्यांच्या अंगणापर्यंत पोचलेही. त्यांनी विचारलं, "काय काम काढलं?" मी म्हटलं, "काही नाई, लसीकरणाची तारीख सांगायची होती." तारीख सांगून परत आले. या वयात एवढं भित्रं असता येतं हे मला माहीत नव्हतं.

शेवटी एक दिवस पोरं गेल्यावर मी रूपालीला कारण विचारलं, "तू त्या दिवशी काऊन नाई बोलली?"

ती पातेलं घासत होती. हात थांबले नाहीत. "काय बोलू, ताई? तुमचं नाव घेतलं असतं तं माहं थोडंच धुतल्या गेलं असतं? चूक तं माही होतीच." मग पातेलं उपडं घालून म्हणाली, "मोहिनी माह्या हातानं वेणी घालून घेत नाई आता. आपली आपनच घालते, वाकडीतिकडी. शाळेत तिले पोरी पाकीट म्हनतात. तिच्याशी काय बोलू तेवढं सांगा मले."

मी पिशवी उचलली. घरी आले. चार पाकिटांतलं एक माझ्या फडताळात डब्यामागं अजून होतं. ते काढून मी ओट्यावर ठेवलं आणि ठरवलं की कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या दिवशी, पोरींना माझ्या घरी बोलवायचं. त्या पाकिटाचेच लाडू करायचे. पोरी ओळखतील, आणि मी सगळ्यांसमोर हो म्हणेन. ज्या भुलाबाईसमोर तिला बोलले तिच्यासमोरच, त्याच बायकांदेखत. स्वतःहून तोंड उघडायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी ते काम लेकरांच्या नाकावर सोपवलं.

कोजागिरीला दिवस मावळायच्या आत पोरी जमल्या. कणसांसकट उभ्या बांधलेल्या ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात भुलाबाई मांडली होती. देवकाबाई पुढंच बसल्या. रूपाली यायला तयार नव्हती, मी दोनदा निरोप धाडला, तेव्हा आली आणि दाराच्या चौकटीपाशीच उभी राहिली. गाणी झाली. मी डबा आणला. चिवडा? नाई. अनारसे? नाई. तिळाचे लाडू? नाई. डबा फिरत फिरत मोहिनीच्या हातात आला. तिनं फटीला नाक लावलं.

तिला कळलं. मी तिच्या समोरच बसले होते, तिचा चेहरा बदलताना पाहिला. तिनं डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दारातल्या आईकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवून म्हणाली, "बेसनाचे लाडू."

मी काय म्हणायला हवं होतं? नाही म्हणायचं, एवढंच. माझ्या तोंडातून निघालं, "बरोबर."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. झाकण उघडलं, लाडू वाटले गेले. रंगानं ते बेसनासारखेच दिसत होते. गार्गीनं एक घास खाल्ला आणि मोठ्यानं म्हणाली, "हे तं पाकिटाचं हाय!"

मोहिनीनं चटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप. असं सांगत नसते."

मग मात्र मला बसवेना. मी उभी राहिले. "गार्गी खरं सांगून राह्यली," मी म्हटलं. "पाकिटाचेच हायेत. अंगणवाडीतून मीच आणले. रूपालीनं दोन पाकिटं एकदा वापरले. मी किती वर्षांपासून आणून राह्यली. तिले माहीत होतं, तरी ती बोलली नाई." देवकाबाईंच्या हातातला लाडू तसाच राहिला. रूपालीनं पदर तोंडाशी नेला. माझ्याऐवजी तीच शरमत होती, आणि ते मला सगळ्यांत जड गेलं.

मोहिनीनं बहिणीच्या तोंडावरचा हात काढला. तिची एक वेणी वर होती, एक खाली. तिनं मला अगदी साध्या आवाजात विचारलं, वर्गात न समजलेलं गणित विचारावं तसं.

"मंग त्या दिवशी माह्या आईले काऊन बोलल्या, बाई?"

सगळ्याजणी माझ्याकडे पाहत होत्या. मी डबा उचलला आणि आत ठेवायला गेले.