गळ्यापर्यंत भरलेली बाटली

आमच्या दवाखान्यात लघवीला कारुरा म्हणत आणि सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण शब्द जागचे हलले नव्हते. मीही हललो नव्हतो. जालन्याच्या त्या दवाखान्यात मला गजांच्या एकुलत्या एका खिडकीची खोली मिळाली होती. खिडकीतला उजेड खुर्दबिनीच्या आरशावर घ्यायचा आणि दिवसभर लोकांची लघवी बघत बसायचं. बाहेर कुणी सुपारी दिली तरी माझ्या हातावर वरूनच टाकी. मला त्या खोलीचा वीट आला होता.

लोकही एकेक नमुने. एरंडेलाच्या बाटलीत आणत, मग काचेखाली नुसते तेलाचे थेंब. सगळ्यात वैताग भरलेल्या बाटलीचा. कुणाकडे भांडं अर्धं न्यायचं नाही, ही आपली रीत. म्हणून कमी पडेल तेवढं पाणी घालून बाटली गळ्यापर्यंत भरत आणि अदबीने दोन्ही हातांनी पुढे करत. घरी जेवताना मी त्यांच्या नकला करी. आई हसे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कचेरीतून पेन्शनीत निघाले होते. ते घास थांबवून विचारत, "पाणी घातलं तर काय होतं रे?" मी सांगे, सगळं पातळ होतं, आजार असला तरी दिसत नाही.

त्याच वर्षी हैदराबादला प्रयोगशाळेच्या पुढच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली. पोळा झाला की निघायचं होतं. मी हवेतच होतो. तेवढ्यात दादांचा चेहरा सकाळी सुजायला लागला, पाय चपलेत जाईनात. डॉक्टर म्हणाले, "जल्दी कारुरा बघून घे. गुर्द्याचं, मूत्रपिंडाचं दुखणं निघालं तर तुला कसं जाता येईल? घरात दुसरं आहे कोण?"

बाटली दादांनी स्वतः आणून दिली. काठोकाठ भरलेली. हाताने फिरवायच्या यंत्रात मी गाळ बसवला, थेंब काचेवर घेतला. स्वच्छ. काही म्हणजे काही नाही. "सुटलो," मी मोठ्याने म्हणालो. मग सवयीने काच जरा सरकवली, तर शेवाळाचे हिरवे धागे. ते माझ्या ओळखीचे होते. नोकरी लागली तेव्हा हौसेने आमच्या आडाचं पाणी बघितलं होतं, त्यात हेच होते. तेव्हापासून आई पाणी दुहेरी फडक्याने गाळी. बाटलीतलं हे पाणी मात्र न गाळता थेट पोहऱ्यातलं होतं.

'दोष नाही' असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. खूप वेळ मी डोळा तिथून काढलाच नाही. मग काहीच न लिहिता घरी गेलो. दादा ओट्यावर पाय लांब करून बसले होते.

"दादा, पाणी घातलं का यात?"

"अर्धी बाटली देणं बरं दिसतं का?"

"पाण्यानं काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं."

त्यांनी सुजलेले पाय जवळ ओढून घेतले. "ठाऊक होतं म्हणूनच घातलं. तू जाय हैदराबादला. मी काय आज मरून राह्यलो का?"

मला रडू आलं नाही, संताप आला. एवढं करायचं होतं तर गाळलेलं पाणी तरी घालायचं. आता हैदराबादचं दार त्यांनी उघडलं होतं आणि ते लावून घ्यायचं माझ्या हातांनी.

सकाळी मी कोरडी बाटली घेऊन त्यांच्यापाशी उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे न बघता ती घेतली. खोलीत येऊन काचनळीत लघवी तापवली, तर ती दह्यासारखी घट्ट झाली. काचेखाली मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांचे साचे, एकापुढे एक, पुस्तकातल्या चित्रासारखे. गुर्द्याचंच दुखणं.

हैदराबादला दुसरंच कुणी गेलं. दादा पुढं काही वर्षं अळणी जेवत जगले, पण ते त्यांनी मला कधी माफ केलं नाही. "दुसऱ्यांदा बघायची काय गरज होती?" एवढंच म्हणत.

मी त्याच खोलीत राहिलो. भरलेली बाटली पुढे आली की तेव्हापासून रुग्णावर खेकसत नसे. त्याच्यासोबत कोण आलंय, ते आधी बघत असे.