सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. पोहोचलो ते सरांमुळे. शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी मला घरी बोलावून पुन्हा शिकवत, एक पैसा न घेता. निवृत्तीनंतर ते उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार झाले.

देवासच्या कारखान्यात नोकरी लागल्यावर मला क्रेडिट कार्ड मिळालं. उज्जैनमध्ये तेव्हा ती नवलाईची गोष्ट होती. मी ते आधी सरांना दाखवायला नेलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी नंबर मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "वा, साहेब झालास!"

गणपती झाले आणि कार्डाचं स्टेटमेंट आलं. एका अनोळखी कंपनीचं नाव, पुढे 'सबस्क्रिप्शन'. म्हणजे वर्गणी. पण मंडळाची वर्गणी तर मी सरांच्या हातात रोख दिली होती. मग नंबर कोणी वाचला होता, ते आठवलं.

मंडळाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मी कागद पुढे केला. "सर, वर्गणी एकदाच घेतात ना? मग कार्डावरून ही दुसरी कशी?"

"क्या बात है," मागून कोणीतरी म्हणालं, "आता सरांचीच तलाशी!"

कोणी हसलं नाही. सरांनी कागद सावकाश वाचला.

"तुझ्याकडे इंग्रजी पेपर येतो ना रे?"

"येतो. तीन महिने फुकट आहे."

"ते तीन महिने कधी संपले?"

पेपर लावताना भरून पाठवलेलं कूपन मला आठवलं. कार्डाचा नंबर मीच भरला होता, माझ्याच वळणदार अक्षरात. तीन महिन्यांनी वर्षाचे पैसे कापू, असं खाली बारीक छापलेलं होतं. ती कंपनी पेपर छापणारी होती. आणि इंग्रजी सुधारेल म्हणून हा पेपर लाव, असं मला सरांनीच सांगितलं होतं.

मान वर होईना. सर इतरांकडे वळून म्हणाले, "चूक माझी आहे. सबस्क्रिप्शन म्हणजे वर्गणी, एवढंच मी याला शिकवलं. पेपरचीही वर्गणी असते, ते सांगायचं राहिलं."

त्यांनी रागवायला हवं होतं. माफी मागायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो आणि नानाखेड्याला माझ्या घरी तसाच परतलो.

पुढच्या गणपतीत सर नेहमीसारखे वर्गणीला आले. पावती फाडून माझ्या हातात दिली.

"नीट वाचून घे," ते म्हणाले. "खालचं बारीकसुद्धा."