वाचनापुरते दोन खुंट

राजमतीबाईंनी शास्त्र वाचायचं सोडलं, आणि का सोडलं ते सांगलीच्या त्या गल्लीत कुणी त्यांना तोंडावर विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. सगळ्या बायका तिथंच बसलेल्या होत्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्वाचे दहा दिवस गल्लीतल्या जैन मंदिरात दुपारी बायकांसाठी वाचन असतं. रोज एक धर्म, क्षमेपासून ब्रह्मचर्यापर्यंत. बावीस वर्षं हे वाचन राजमतीबाईंकडे होतं. माहेर कडेगावकडचं, शाळा सातवीपर्यंत; पण प्राकृत गाथेतलं अवघड जोडाक्षर त्या असं सोडवून म्हणत, की शेजारी बसलेल्या अडाणी बाईलाही ते ओळखीचं वाटावं. मागच्या वर्षी सहाव्या दिवशी, संयमाचं वाचन चालू असताना, त्यांची खालची कवळी सैल होऊन जिभेवर चढली आणि पुढच्या शब्दाला थेट चौरंगावरच्या उघड्या पानावर पडली.

कुणीही हसलं नाही. त्यांच्या जिवाभावाच्या मैत्रीण सुलाबाईंनी पदर पुढं करून कवळी उचलली आणि गुपचूप त्यांच्या हातात दिली. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं राजमतीबाईंना पुढं कितीतरी दिवस वाटत राहिलं. तोंडातली उष्टी वस्तू शास्त्रावर पडली, याचं प्रायश्चित्त म्हणून त्यांनी तीन दिवस एकाच वेळचं जेवण घेतलं. ते पान पुसून कोरडं झालं, पण त्या मात्र शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या त्या तिथंच राहिल्या.

घरच्यांनी याचा वेगळाच अर्थ लावला. आई बोलत नाही, जेवत नाही, म्हणजे तिला चावता येत नसणार. त्यांचे यजमान अजितकुमार आयुष्यभर हळदीच्या अडतीत बसलेले. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचे सगळे दात शाबूत. पण बायकोला एकटीला दुधात भिजवलेली भाकरी खावी लागते म्हणून हा माणूस वर्षभर स्वतःही तीच खात होता. सून ब्राह्मीनं ताटात कडक भाकरी वाढली की ते ती हळूच दुधात मोडायचे आणि म्हणायचे, "मला बी अशीच ग्वाड लागती."

मुलगा सन्मती याचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, हे कळल्यापासून तो भलताच उत्साहात होता. स्क्रू म्हटल्यावर ते आपलंच काम. माघात तो आईला दातांच्या डॉक्टर ज्ञानदाकडं घेऊन गेला, ते सगळे दात पक्के बसवायचेच असं ठरवूनच. थ्रेड किती मिलीमीटरचा, किती ताकदीनं पिळता, हे त्यानं एवढं खोदून विचारलं, की वाईहून नव्यानं सांगलीत आलेल्या त्या तरुण डॉक्टरनं शेवटी त्याला, तुम्ही बसवता का मी बसवू, असं विचारलं.

मग तिनं स्कॅन दाखवला. दात गेले की खालचं हाडही वर्षागणिक झिजत जातं. राजमतीबाईंच्या खालच्या जबड्यात मागं ते फारच कमी उरलं होतं. तिथं हे स्क्रूचे खुंट बसवायचे तर आधी हाडाची पूड भरून जागा वाढवावी लागेल, असं ती म्हणाली. सन्मतीनं मान डोलावली. राजमतीबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"ही पूड कशाची असती, बाळ?"

डॉक्टर म्हणाली, "बऱ्याचदा गुरांच्या हाडाची असते, आजी. खूप शुद्ध केलेली असते. कारखान्यात बनवलेली कृत्रिमही मिळते."

सन्मतीनं कपाळाला हात लावला. औषधाच्या कॅप्सूलचं आवरण जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं हे कळल्यापासून आईनं कॅप्सूलही बंद केली होती, आता हे. औषधाला एवढं बघायचं नसतं, असं तो समजावू लागला. राजमतीबाईंनी त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"गुराचं हाड तोंडात घिऊन मी शास्त्र वाचू व्हय?"

तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं. डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आजी, तुम्हाला दात खायला हवेत की वाचायला?"

"खायला काय, दुधात भाकरी जाती. ह्यांना बी आवडती आता."

डॉक्टरनं सगळा बेत बदलला. ती म्हणाली, बरं झालं तुम्ही विचारलं. मी आपणहून सांगितलं असतं की नाही, देव जाणे. वरची कवळी टाळूला धरून बसते, तिची तक्रार नाही. खाली पुढच्या बाजूला हाड चांगलं आहे, तिथं दोन खुंट पुरतील, पूड लागणार नाही. कवळी त्यांच्यावर टिचबटणासारखी बसेल. पण ती कवळीच असेल. रोज काढून धुवायची, ऊस आणि चिक्कीचा नाद करायचा नाही, बटणं झिजली की बदलायची. क्वचित एखाद्याचा खुंट हाडात धरत नाही, तेही आधीच सांगून ठेवते. आणि त्याआधी आहे त्याच कवळीला आतून नवा थर देऊन बघू. तेवढ्यानं भागलं तर कशाला भोकं पाडायची?

तेवढ्यानं भागलं नाही. घरी देवघरापुढं मोठ्यानं म्हणून पाहिलं, तर 'तत्त्व' म्हणताना कवळी उचलली गेलीच. म्हणजे खुंटच. पण रक्ताच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या वर निघाली. आठाच्या खाली आल्याशिवाय मी हात लावणार नाही, जखम भरत नाही आणि खुंट धरत नाही, असं डॉक्टर ज्ञानदानं स्पष्ट सांगितलं. भाद्रपदाच्या आत होईल का, याचा शब्द ती द्यायला तयार नव्हती. सन्मतीनं मोबाईलवर दुसरे दवाखाने शोधायला घेतले. राजमतीबाईंनी त्याला मोबाईल खाली ठेवायला लावला. जी मुलगी नाही म्हणते तिच्याचकडं करायचं, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मंदिरात गेल्या आणि भगवंतांपुढं उभं राहून नियम घेतला: खुंट बसेपर्यंत साखर आणि गूळ यांचा त्याग.

ब्राह्मी चकितच झाली. दहा वर्षं घरचे डॉक्टर हेच सांगत होते, आणि दहा वर्षं सासूबाई गुळाचा चहा पदराआड लपवून पीत होत्या. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

"आगं, ते पथ्य हुतं," राजमतीबाई म्हणाल्या. "पथ्य मोडलं तर एक गोळी वाढती. हा नियम हाय."

पुढच्या तीन महिन्यांत नात्यात दोन लग्नं झाली. पंगतीत जिलबी आली की राजमतीबाई पानावर आडवा हात धरत. संध्याकाळी ऊन उतरलं की अजितकुमारांबरोबर नदीच्या घाटापर्यंत चालून येत. दोघं फारसं बोलत नसत. एकदा मात्र अजितकुमार म्हणाले, "तू वाचायचीस तवा मी मंदिराच्या मागच्या खिडकीपाशी येऊन हुबा ऱ्हायचो. पेढीवर सांगायचो, हळदीचा नमुना बघून येतो."

बावीस वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. राजमतीबाई नदीकडं बघत चालत राहिल्या. घाटाच्या पहिल्या पायरीवर म्हणाल्या, "मग आत येऊन बसायचं."

"बायकांत?"

वैशाखात साखर सात पूर्णांक चारावर आली. खुंट बसले. दुखलं, पण त्यांनी मनात धरलं होतं त्याच्या निम्म्यानंही नाही. गोळ्या सकाळी आणि रात्री होत्या. सूर्यास्तानंतर आपण पाणीही घेत नाही हे त्यांनी सांगितल्यावर डॉक्टरनं विचार करून संध्याकाळी सहाची वेळ लिहून दिली. पुढं श्रावणात तपासताना डाव्या खुंटाला अजून पंधरा दिवस देऊ म्हणाली, तेव्हा मात्र त्या रिक्षात डोळे मिटून जप करत बसल्या. पर्वाला चार दिवस उरले असताना बटणं बसली. कवळी टक्क करून जागेवर बसली आणि हलेना. त्यांनी तिथंच, खुर्चीत आडव्या असतानाच, हळू आवाजात णमोकार मंत्र म्हणून पाहिला. डॉक्टर तो संपेपर्यंत हात धुवायला गेली नाही.

क्षमेच्या दिवशी त्यांचा आवाज बारीक होता. पुढच्या दिवसांत तो थोडा थोडा मोकळा झाला. सहाव्या दिवशी संयमाचं पान आलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका आपोआप खाली बघू लागल्या. राजमतीबाई वाचत गेल्या. त्यांचा 'स' अजून जरा शिट्टी मारत होता, एका ओळीला दम लागला, पण त्या थांबल्या नाहीत. मागची खिडकी उघडी होती. त्यांनी एकदाच तिकडं पाहिलं आणि पुढची गाथा धरली.

वाचन संपल्यावर सुलाबाई जवळ आल्या. "आवाज बदललाय की गं जरा."

"बदलू दे. दात बी माझं न्हाईत, शब्द बी माझं न्हाईत. वाचायचं तेवढं माझं काम."

सुलाबाईंनी मान हलवली. उद्या तपाचं वाचन जरा लवकर सुरू कर, माझ्या घरी पाव्हणे येणार हायत, असं सांगून त्या चपला शोधायला बाहेर गेल्या.